कॉलरपुढचे पाच क्रेट

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातलं निम्मं त्या आवाजापायी झालं. लग्नाआधी मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि शहरातल्या एका कारखान्यात सहा वर्षं नोकरी केली. तिथं मशीनींच्या खडखडाटात बोलायचं तर घसा ताणावाच लागायचा. मग लग्न होऊन ताडकळसला आले. यजमान शिक्षक. वर्गातसुद्धा इतकं हळू बोलतात की मागच्या बाकावरची पोरं नुसते ओठ बघून पाढे म्हणत असतील. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडंच आहे.

गावातल्या बचत गटाच्या बायका शाळेचे शर्ट शिवायच्या. ताडकळस, चुडावा आणि आसपासच्या पाच-सात गावांतल्या शाळांचे. काम मनापासून करायच्या, पण प्रत्येकजण आपला शर्ट पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत एकटीच शिवायची. एकीची कॉलर सुरेख तर बाही वाकडी, दुसरीची बाही सुरेख तर काजं फाटकी. मला ते बघवेना. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, तरी मी एक दिवस जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "हे असं नसतं करायचं." उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! पण बायका समजूतदार. त्यांनी मला चहा दिला, माझं ऐकून घेतलं आणि महिन्याभरात मी त्यांची 'म्याडम' झाले.

मी सहा जणींची ओळ लावली. पहिली कापड कापणार, दुसरी खांदे जोडणार, तिसरी कॉलर लावणार, चौथी बाह्या, पाचवी काजं-बटणं आणि सहावी इस्त्री करून घडी घालणार. जिला जे उत्तम जमतं तेवढंच तिनं करायचं. जागा म्हणजे कॉलर लावणाऱ्या वैनींच्या घरामागचं पत्र्याचं शेड. लांबट, अरुंद, एका बाजूला हातभर बोळ सोडून वैनींच्या खोलीची खिडकी.

आता ओळीत काम करायचं तर दोघींच्या मध्ये थोडा माल साठलेला असावा लागतो. नाहीतर एक जण शिंकायला थांबली तरी पुढची रिकामी बसते आणि मागचीला शिवलेलं ठेवायला जागा उरत नाही. कारखान्यात याला बफर म्हणायचे, आमच्याकडं क्रेट म्हणायचे. टमाट्याचे प्लास्टिकचे क्रेट, आठवडी बाजारातल्या भाजीवाल्याकडून आणलेले. एका क्रेटमध्ये पाच शर्ट. दोघींच्या मध्ये तीन क्रेट, म्हणजे सगळे मिळून पंधरा. कापणाऱ्या बाईंना क्रेट नाही, त्यांचं टेबल हाय की, असं बाकीच्यांचं म्हणणं.

पंधराच्या वर सोळावा क्रेट मी येऊ दिला नाही. सुरुवातीला हौसेनं पंचवीस ठेवले होते. अर्धवट शर्टांचा नुसता बाजार मांडला गेला. पांढरं कापड पडून पडून पिवळं पडलं, आणि एकदा तर अठ्ठावीस नंबरच्या शर्टाला बत्तीसच्या बाह्या लागल्या. चुडाव्याची एक आई तो शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "म्याडम, आमचं लेकरू हाय, बुजगावणं न्हाई." त्या दिवशी मी दहा क्रेट भाजीवाल्याला परत देऊन टाकले.

आणि प्रत्येकीपुढं तीनच का? याचं माझ्याकडं दुहेरी उत्तर होतं. मी आठ दिवस स्टॉपवॉच घेऊन बसले होते. प्रत्येकीला एका क्रेटला सरासरी पाव तास लागत होता. कामं मी तशीच वाटली होती. सगळ्यांचा वेळ सारखा, तर सगळ्यांना साठा सारखा! दुसरं उत्तर बायकांचं होतं: दुजाभाव नको. एकीला तीन आणि दुसरीला दोन दिले असते तर गट त्याच दिवशी फुटला असता. दसऱ्याला त्यांनी मशीनींबरोबर क्रेटांचीही पूजा केली. प्रत्येकीनं आपल्यापुढच्या तीन क्रेटांना हळदी-कुंकू लावलं, ओळखीला आपापल्या रंगाची चिंधी बांधली. त्या दिवसापासून क्रेट म्हणजे नुसता क्रेट राहिला नाही, त्यात प्रत्येकीची इज्जत येऊन बसली. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

हिवाळाभर ओळ बरी चालली. घोटाळा झाला तो उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधीच्या ऐन गर्दीत.

झालं असं की कॉलरवाल्या वैनींच्या सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या, पण चालणं बंद. खिडकीशेजारच्या बाजेवर त्या पडून असायच्या. वैनींचे मालक टेम्पो चालवतात, ते दिवसभर बाहेर. म्हणून उशाशी एक स्टीलचं ताट आणि उलथनं ठेवलेलं. आजींना काही लागलं की त्या ताट वाजवायच्या आणि वैनी मशीन सोडून पळायच्या. आजींचा हात भलताच जोरकस होता. पहिल्यांदा ताट वाजलं तेव्हा मला वाटलं गल्लीत लग्नाचा बँड आला.

ताट कधी वाजेल याचा नेम नव्हता. कधी दीड-दोन तास शांत. तेवढ्यात वैनी बुडालेला वेळ भरून काढायला दहा दहा मिनिटांत एकेक क्रेट उडवायच्या. काय हात होता त्या बाईचा! दोन्ही टोकं अशी बसायची की फूटपट्टी लावून बघा. आणि कधी ताट वाजलं की पाऊण तास, तास गेलाच. अंग पुसणं, चादर बदलणं, चार घास भरवणं. मग इकडं शेडमध्ये काय व्हायचं, तर वैनींपुढचे तिन्ही क्रेट भरायचे, खांदे जोडणारी हात बांधून बसायची. पलीकडचे तिन्ही रिकामे व्हायचे, बाहीवाली वारा घ्यायला दारात. मग काजंवाल्या काकू थांबायच्या, मग इस्त्रीवाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मी चिडायची. खरं सांगते, मला त्या ताटाचा आवाज ऐकू आला की कपाळात कळ जायची. मी पुन्हा स्टॉपवॉच काढलं. गंमत बघा, वैनींची दिवसभराची सरासरी अजूनही पाव तासच येत होती! कागदावर सगळं झकास, आणि शेड बंद. मी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला. आकडा चुकत नव्हता, ओळ मात्र दिवसातून तीनदा ठप्प होत होती. मग मी माणसं करतात तेच केलं. आकड्यात खोट सापडेना म्हणून बाईत शोधली.

एका शनिवारी दुपारी ताट वाजलं आणि वैनी तासाभरानं आल्या. मी खिडकीपाशीच उभी होते. म्हणाले, "वैनी, असं नाही चालायचं. शाळा उघडायला आल्यात. येत्या आठवड्यात हे थांबलं नाही तर कॉलर मी दुसरीकडं देईन."

वैनी मशीनवर बसल्या, सुई वर-खाली केली आणि मग हळूच म्हणाल्या, "म्याडम, ही मशीन सुटली तर मी पुन्हा चार भितीत. वीस वरसं होते तिथं. आता नगं वाटतंय बगा."

मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "मग बघा काय करायचं ते." आणि हे सगळं माझ्या त्या कारखान्यातल्या आवाजात.

रविवारी शेड बंद असतं. मी एकटीच जाऊन कॉलर लावून बघितली. म्हटलं, कुणी नाही तर आपण आहोतच. चार कॉलरी लावल्या. एक डावीकडं पळाली, एक उजवीकडं, तिसरी उलटी लागली आणि चौथी बऱ्यापैकी आली, पण गळ्याचं भोक बंद झालं. मी चारही शर्ट पिशवीत घालून घरी नेले. यजमानांनी विचारलं, "हे काय आणलंस?" म्हटलं, "फरशी पुसायला."

आणि सोमवारपासून चमत्कार झाला. ताट वाजेना!

सकाळी एकदा वाजायचं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा. बस्स. वैनी सलग बसायच्या. क्रेट भरतायत, क्रेट रिकामे होतायत, इस्त्रीवालीच्या घड्यांचा ढीग छातीपर्यंत. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस ओळ एकदाही थांबली नाही. मी बुधवारी बाजारातून जिलेबी आणली आणि उभी राहून भाषणच ठोकलं. "बघा, मनावर घेतलं की जमतं का नाही? वैनी, शाब्बास!"

वैनी जिलेबी हातात धरून म्हणाल्या, "मी काय बी केलं न्हाई म्याडम. आत्याबाईच आताशा लय झोपायल्यात."

"मग चांगलंच आहे की!" मी म्हटलं आणि दुसरी जिलेबी घेतली. ती जिलेबी आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

गुरुवारी दहाच्या सुमारास वैनी सहज आजींना बघायला म्हणून आत गेल्या आणि किंचाळल्या. आम्ही सगळ्या धावलो. आजींची बुबुळं वर गेलेली, ओठांचे पापुद्रे सुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. बाहेर परभणीचा मे महिना. पत्र्यावर पोळी भाजेल इतकं ऊन. काजंवाल्या काकू सगळ्यांत आधी भानावर आल्या. डॉक्टरला घेऊन आल्या. डॉक्टरांनी हात धरला, कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "यांना पाणी देता की नाही?" ते वैनींवर ओरडले.

"देते की! तांब्या भरून ठिवते. रिकामा असतोय दर येळंला," वैनी रडत म्हणाल्या.

सलाईन लागलं. डॉक्टर गेले. आणि इस्त्रीवालीनं, जी आमच्यात वयानं सगळ्यांत लहान आणि जिभेनं सगळ्यांत मोठी, खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. खिडकीखाली कढीपत्त्याचं रोप होतं. सगळ्या गल्लीत एक हिरवं पान नव्हतं आणि ते रोप तकतकीत, बुडाशी चिखल.

"आज्जे," ती म्हणाली, "पानी खिडकीतनं टाकायलीस व्हय गं तू?"

आजींनी डोळे उघडले. आवाज नव्हताच, नुसता वारा. पण शब्द मला स्पष्ट ऐकू आले. "पेलं की मुतावं लागतंय. मुतायचं म्हणलं की सून उठतीय. सून उठली की मशीन जातीय. माझ्या मुतन्यापायी तिची मशीन जाऊ द्यावी व्हय?"

कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. ते फार वाईट. एखादीनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी बाजेशेजारी खाली बसले. "आजी, चुकलं माझं. शप्पत सांगते, कॉलर वैनींचीच राहील. तुम्ही पाणी प्या."

"तू म्हणशील," आजी म्हणाल्या. "शाळा जवळ आल्या की पुन्हा वरडशील. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. सून उठून बी शेड चालल्यालं मला दाव, मग पिते." आणि ओठ मिटून घेतले. सलाईनचं पाणी नसेत जातंय त्याला त्यांचा इलाज नव्हता, पण तोंडातून त्या थेंब घेईनात. वैनींनी चमचा लावला तर तोंड भिंतीकडं. मी बाहेर आले. काय सांगू, मला स्वतःच्या डिप्लोम्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त त्या जिलेबीची.

पण लाज वाटून शेड चालत नाही. मी कटिंगच्या टेबलावर बसले आणि पहिल्यांदा सरासरी बाजूला ठेवून खालचे, एकेका क्रेटच्या मिनिटांचे आकडे बघितले. काजंवाल्या काकूंचे: चौदा, पंधरा, पंधरा, सोळा, पंधरा. वैनींचे: दहा, नऊ, दहा, पन्नास, दहा, नऊ, दहा, दहा. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जवळजवळ एकच आकडा. आणि मी या दोघींना तीन-तीन क्रेट देऊन वर समभाव म्हणून मिरवत होते! साठा लागतो तो किती वेळ लागतो त्यासाठी नाही, तो वेळ किती मागं-पुढं होतो त्यासाठी. वैनींच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्हीकडं भरपूर क्रेट हवे होते. त्यांच्यापुढचे अशासाठी की त्या उठल्या तरी खांदेवालीला ठेवायला जागा राहावी. पलीकडचे, म्हणजे बाहीवालीपुढचे, अशासाठी की तिला तोवर पुरेल इतका माल त्यांनी आधीच करून ठेवलेला असावा. नेमानं चालणाऱ्या बाकीच्यांचं कमी क्रेटांवर सहज भागलं असतं.

दुपारी सगळ्यांना बसवून मी हे सांगितलं. खडूनं जमिनीवर रेघा मारल्या, वर-खाली जाणाऱ्या, सपाट जाणाऱ्या. सगळ्या मान हलवत होत्या आणि कुणाला काही कळत नव्हतं, हे मला कळत होतं. शेवटी मी सरळ मुद्द्यावर आले. वैनींपुढं पाच क्रेट, बाहीवालीपुढं पाच. ते येणार कुठून? खांदेवालीचा एक, काजंवाल्या काकूंचा एक आणि इस्त्रीवालीचे दोन.

बाहीवालीला फुकट दोन मिळत होते, ती गालात हसत बसली. खांदेवाली म्हणाली, न्या. काकू मात्र उभ्याच राहिल्या.

"माझा क्रेट काऊन? मी कधी उशीर केला का? कधी सुट्टी मारली का? जी नेमानं काम करती तिचं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय म्याडम? हळदी-कुंकू लावलेला क्रेट हाय तो."

"काकू, तुम्ही नेमाच्या म्हणूनच..."

"म्हणूनच शिक्षा! वा गं वा!"

मी तोंड उघडलं आणि आता मी पुन्हा ओरडणार हे माझं मलाच समजलं, म्हणून गप्प बसले. तेवढ्यात इस्त्रीवाली म्हणाली, "काकू, तुमच्या दारात टिपाडं किती हायत पान्याची?"

"एक बी न्हाई. आमची बोअर हाय. बटन दाबलं की पानी."

"आन् आमच्या गल्लीत?"

"तुमच्याकडं नळ. कधी आठ दिसाला, कधी पंधरा दिसाला. तुमी चार चार टिपाडं भरून ठिवता, चालायला जागा न्हाई."

"मंग आमच्या दारात चार टिपाडं हायत म्हणून आमी तुमच्यापरीस तालेवार झालो का?"

काकूंनी आपल्या क्रेटांकडं बघितलं.

"ज्याच्या पान्याचा नेम न्हाई, टिपाड त्याला लागतंय. ज्याची बोअर हाय त्यानं टिपाड मांडून ठिवलं तर लोक हसतेल. काकू, तुमी बोअरवाल्या हाव. वैनीचा नळ हाय, कधी येईल तवा येईल. पोखर्णीच्या नरसिंहाची आन, माझे तर दोन चाललेत, मी बोलले का काई?"

 मग खांदेवाली फिस्सकन हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. काकू हसल्या नाहीत, पण कमरेची दस्ती काढून त्यांनी तोंड पुसलं. मी मनात म्हटलं, हिला कॉलेजात शिकवायला पाठवावं! माझ्या घरी मोरीत दोन टिपाडं आहेत. रोज त्यातूनच पाणी घेते. सहा वर्षं कारखान्यात आणि तीन वर्षं डिप्लोम्यात मला जे कुणी सांगितलं नाही, ते रोज सकाळी माझ्यासमोर भरून उभं असायचं.

काकूंनी आपल्या तीन क्रेटांपैकी मधला उचलला, कपाळाला लावला आणि वैनींच्या मशीनपाशी नेऊन ठेवला. "कुंकू पुसू नका कुनी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाला शेड उघडलं. आदल्या दिवशीचे खांदे जोडलेले शर्ट होते, त्यांवर वैनी एकट्याच बसल्या आणि सातच्या आत पलीकडचे पाचही क्रेट भरून काढले. त्यांच्यापुढचे पाच रिकामे. मग मी बाकीच्यांना बसवलं. चौघींनी मिळून आजींची बाज उचलली आणि शेडच्या दारात, सावलीला आणून ठेवली. आजी उशीला टेकून बसल्या. डोळे खोल गेलेले, पण नजर एखाद्या फौजदारासारखी. कालपासून त्यांच्या तोंडात थेंब नव्हता. उशाशी भरलेला तांब्या तसाच.

मशीनी सुरू झाल्या. आजींनी पाचएक मिनिटं ऐकलं, माझ्याकडं रोखून बघितलं, आणि उलथनं उचलून ताटावर हाणलं.

वैनी उठल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी म्हटलं, "जा. सावकाश करा."

त्यांनी बाजेभोवती पडदा धरून आजींचं सगळं आवरलं, अंग पुसलं, लुगडं बदललं. मी घड्याळाकडं बघितलंच नाही. मी क्रेट बघत होते. वैनींपुढं पहिला भरला, दुसरा भरला. पलीकडचे पाचाचे चार झाले, चाराचे तीन. खांदेवालीची मशीन चालू. बाहीवालीची चालू. काकूंचं काज चालू, नेहमीसारखं, ना कमी ना जास्त. वैनींनी आजींच्या डोक्याला तेल लावलं. केस विंचरले, वेणी घातली. पलीकडं दोन क्रेट उरले होते. मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते. ओळ थांबेल म्हणून नव्हे, आजी बघतायत म्हणून.

"म्हातारे," काकू मशीन न थांबवता ओरडल्या, "माझा क्रेट घातलाय त्यात! बंद पडायची काय बिशाद हाय!"

आजींनी ऐकल्यासारखं केलं नाही. त्या मान तिरकी करून एकेका मशीनचा आवाज ऐकत होत्या. एक, दोन, तीन. मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. वैनी बसल्या. काही काम नसताना, नुसत्या. शेड चालूच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आजींनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"एकबी बंद न्हाई पडली?"

"न्हाई, आजी."

"ही इथं बसून बी?"

"इथं बसून बी."

आजींनी तांब्याकडं बघितलं. "ते राहू दे, कोमट झालंय. माठातलं आन. लय तान लागलीय गं पोरी, पाच दिसाची."

मी पळत गेले. माठातलं आणलं, त्यांच्या पाठीमागं हात घालून तांब्या तोंडाला लावला. त्या घटाघटा प्यायल्या, हनुवटीवरून, गळ्यावरून, वैनींनी आत्ताच बदललेल्या लुगड्यावर पाणी सांडत. मध्ये श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. तांब्या संपला तसा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, उपडा करून मला दाखवला आणि म्हणाल्या, "आनखी आन."